कंदिलाबरोबर त्याचं झाळकामही जपा : वस्तुसंग्रहालयांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या वस्तुसंग्रहालयांचे विश्वस्त, अभिरक्षक आणि तिथं काम करणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे ओगलेवाडीच्या काच कारखान्यात बनलेला एक प्रभाकर कंदील आहे. माझे आजोबा त्याच कारखान्यात भट्टीवर कामाला होते. फुंकणीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि तो फुंकून साच्यात फुगवायचा, हे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. म्हातारपणी बोलताना त्यांचे गाल सैल पिशवीसारखे हलायचे. आम्ही नातवंडं त्यांना हात लावून बघायचो, तेही लावू द्यायचे. कारखाना बंद पडला, आजोबा गेले, आजी गेली. कंदील माझ्याकडे राहिला.

गेल्या पावसाळ्यात तो कंदील कापडात गुंडाळून मी एका संग्रहालयात घेऊन गेले. माझ्यानंतर आमच्या घरात त्याला कुणी विचारणार नाही, निदान तुमच्यासारख्यांकडे तरी तो नीट राहील, एवढाच माझा हेतू होता. तिथल्या मंडळींनी बसवून घेतलं, चहा दिला, कंदील उलटसुलट करून पाहिला आणि नम्रपणे परत केला. असे कंदील त्यांच्याकडे आधीच आहेत, असं ते म्हणाले. शिवाय माझा कंदील मूळ स्थितीत नव्हता. त्याची टाकी तळाशी झाळलेली, म्हणजे डाग देऊन बुजवलेली होती, बर्नर कधीतरी बदललेला होता आणि काच नंतरची होती.

परतीच्या वाटेवर जेवायला हायवेच्या एका हॉटेलात थांबलो. तिथं छताला तीस-चाळीस कंदील टांगलेले होते. सगळे कोरे, रंगवलेले, आत वातीच्या जागी बल्ब. भिंतीवर ‘आपला जुना भारत’ अशी पाटी होती आणि पाटीखाली उभं राहून लोक फोटो काढून घेत होते. माझा कंदील मांडीवर कापडात होता. तो बाहेर काढावा असं मला वाटलं नाही, आणि का वाटलं नाही हे कळायला मला बरेच दिवस लागले.

एके ठिकाणी कंदील वापरलेला होता म्हणून नको झाला. दुसरीकडे कधीच न वापरलेला कंदील देशाची आठवण म्हणून छताला चढला. या दोन गोष्टी एकाच दिवशी पाहिल्या नसत्या तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

प्रभाकर कंदील घरोघरी आला तो शोभेसाठी आला नव्हता, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. बंगालच्या फाळणीच्या घोषणेनंतर 7 ऑक्टोबर 1905 ला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, ती आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. होळी एका संध्याकाळी होऊन जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगावर काय घालायचं आणि रात्री घरात दिवा कोणता लावायचा, हा प्रश्न त्याहून अवघड होता. दिव्याची काच ऑस्ट्रिया-जर्मनीहून यायची. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली. प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. एकेका पैशासाठी ते गावोगाव हिंडले. लोकमान्य टिळक पाठीशी उभे राहिले आणि 1908 साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथं काचेचं शास्त्र उभं केलं. ज्या बाईनं तो एक पैसा पदराच्या गाठीतून सोडून दिला असेल, तिचं नाव कुठल्याच पावतीवर आपल्याला सापडणार नाही. पण त्या काचेत तिचा वाटा आहे.

1916 साली ओगले बंधूंनी कराडजवळ आपला कारखाना काढला. जागा औंध संस्थानची. त्याच्या सहा वर्षं आधी, 1910 साली, याच संस्थानच्या माळरानावर लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा मिळाली होती आणि कुंडल स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसू लागली होती. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे विलक्षण राजे होते. औंधच्या टेकडीवर त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात आजही रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ शिल्प आहे. चित्राला भिंत देणारा आणि नांगराला माळ देणारा एकच माणूस होता. या दोन गोष्टी एकाच दालनात का मांडू नयेत, असा विचार मी तिथून येताना दरवेळी करते.

नांगराची गोष्ट कंदिलाहून मोठी आहे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं. लाकडी नांगर बापजाद्यांचा, आपला. आणि हा लोखंडी परका. आज आपण जुन्या लोखंडी नांगराचा फाळ बंगल्याच्या दारात रंगवून ठेवतो आणि मातीशी असलेलं नातं म्हणतो. ज्या वस्तूला आपण आज अस्सल देशी म्हणतो, तिला शंभर वर्षांपूर्वी अस्सल देशी माणूसच हात लावायला तयार नव्हता. ती आपली झाली ती वापरून, दोन पावसाळे शेतात राबवून, शेजाऱ्याच्या शेतात पीक बरं आलेलं बघून. पहिल्या महायुद्धात बाहेरून लोखंड येईनासं झालं, तेव्हा कोल्हापूर दरबारानं आपल्या जुन्या तोफा नांगरासाठी वितळवायला दिल्या, असं सांगतात. म्हणजे साताऱ्या-सांगलीच्या कुठल्यातरी गोठ्यात गंजत पडलेल्या फाळात गडावरची तोफ असू शकते. तोफ तेवढी ऐतिहासिक, आणि तिचा नांगर झाला की तो भंगार. ही वाटणी कुणी केली?

आता मुद्द्यावर येते. माझा कंदील दुरुस्त केलेला आहे म्हणून तो कमी अस्सल आहे, हे मला मान्य नाही. माझ्या मते तो त्यामुळेच अधिक अस्सल आहे.

1929 साली गांधीजींच्या चरखा संघानं एक बक्षीस जाहीर केलं होतं, एक लाख रुपयांचं. त्या काळचे एक लाख! सुधारलेला चरखा बनवायचा होता, आणि त्याच्या अटी मी जेव्हा पहिल्यांदा वाचल्या तेव्हा अक्षरशः उठून फेऱ्या मारल्या. चरखा खेड्यातल्या झोपडीत चालला पाहिजे. बाईनं आठ तास चालवला तरी ती फार शिणता कामा नये. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकला पाहिजे. आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त येता कामा नये. किर्लोस्करवाडीतही असा चरखा करून पाहिला गेला. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. पण ती शेवटची अट बघा. ज्या वस्तूवर देशाचं स्वातंत्र्य तोललं जात होतं, तिच्या जाहिरनाम्यातच दुरुस्तीचं कलम होतं. वस्तू मोडणार, हे गृहीत होतं. मोडली तर गरिबाला ती परत उभी करता आली पाहिजे, ही स्वदेशीची व्याख्या होती. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी पेटीत मावणाऱ्या चरख्यावर मेहनत घेतली, त्याला आजही येरवडा चरखा म्हणतात. तो काचेच्या कपाटात बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्याच्या चात्या, म्हणजे सूत कातायच्या सळया, कोण सरळ करून द्यायचं, चाकावरची दोरी तुटली की काय करायचं, हे त्याच्या पाटीवर मी कुठंही वाचलेलं नाही.

आमच्या लहानपणी आळीत कल्हईवाला यायचा. रस्त्याच्या कडेला खड्डा करून भाता जोडायचा, निखारे फुलवायचा. पातेलं तापलं की त्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर भपकन वर यायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं असा काही हात फिरवायचा की पिवळं पातेलं आतून चांदीचं होऊन जायचं. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र आवाज. कल्हई गेली तर ताक कळकतं, म्हणून त्याची वाट पाहिली जायची. धारवाला यायचा. छत्रीच्या काड्या बसवणारा यायचा. पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणाऱ्या वडार बायका यायच्या, त्यांच्या हातातली छिन्नी दगडावर टिकटिक वाजत राहायची आणि दुपारभर आळीत तोच आवाज असायचा. पितळी डबे, पाटे, छत्र्या हे सगळं तुम्ही गोळा करता, त्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, वेण्या घालायच्या फण्या अशा घरगुती वस्तू दारोदार फिरून जमवल्या, वीस हजारांच्या घरात नेल्या आणि आपल्या गेलेल्या मुलाच्या नावानं लोकांना देऊन टाकल्या. तेव्हा अनेकांना ती अडगळ वाटली असेल. त्यांच्यामुळेच आज आमच्यासारख्यांना तुमच्या दारात अडगळ घेऊन यायचा धीर होतो.

पण कल्हईवाल्याच्या बोटांत जे होतं ते कपाटात येत नाही. जी थोडी माणसं हे काम अजून करतात, त्यांच्यासमोर कॅमेरा आणि वही घेऊन बसायला हवं, तेही लवकर. कथील किती घ्यायचं, पातेलं तापलं हे कशावरून ओळखायचं, गावांचा फेरा कसा ठरवायचा, कुठल्या गावात पाणी मिळायचं आणि कुठं नाही. शेवटचं तर नक्की विचारा.

तेवढंच नाव घालणाऱ्याबद्दल. भांड्यावर छिन्नीनं टिंबंटिंबं करत नाव घालून देणारा माणूस भांड्यांच्या दुकानाबाहेर बसलेला असायचा. आमच्या घागरीवर तीन नावं आहेत. सर्वांत जुनं आजीच्या सासूबाईंचं, त्याखाली आजीचं, आणि कडेला, जागा उरली नाही म्हणून बारीक अक्षरात, माझ्या आईचं. तिघींपैकी दोघींना लिहिता-वाचता येत नव्हतं. सातबाऱ्यावर तिघींपैकी कुणाचंच नाव नव्हतं. त्यांची नावं धातूवर कोरलेली सापडतात ती फक्त या घागरीवर. अशी घागर तुमच्याकडे आली तर कृपा करून ‘पितळी घागर, विसावं शतक’ एवढीच पाटी लावू नका.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण आठवणीत रमताना ती मागे पडते. या वस्तूंची आठवण सगळ्यांना सारखी गोड नाही. मी घागरीबद्दल एवढं लिहिलं, पण माझ्याच गावात ज्यांना ती घागर विहिरीला लावता येत नव्हती ते लोक घागर पाहून काय आठवत असतील? 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं ओंजळभर पाण्यासाठी गेली. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, 1972 साली, बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरावं लागलं. चहाच्या हॉटेलात बाहेर वेगळी ठेवलेली कपबशी होती. ज्याला प्यायचा त्यानं आपली कपबशी धुऊन घ्यायची, पिऊन झाल्यावर धुऊन परत ठेवायची. ती कपबशीही आपल्या देशाची वस्तू आहे. कान तुटलेली, टवका उडालेली अशी एक कपबशी शोधून ठेवा, आणि तिच्याबद्दल लिहायचं काम ज्यांच्या घरात ती आठवण आहे त्यांच्याकडे द्या.

जात्याचंही तसंच. ‘जात्यावरचं दळण’ हा शब्द आता आट्याच्या पिशवीवर असतो. माझ्या आजीला गावात गिरणी आली तो दिवस सणासारखा आठवायचा. पहाटे तीनला उठून दळायचं, मग पाणी, मग शेण, मग शेत. तिला जात्याची ओढ कधीच वाटली नाही. ओव्या मात्र तिला सगळ्या येत होत्या. ग्यी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी खेडोपाडी जाऊन बायांच्या तोंडून या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. ओवी कुणी म्हटली, ती बाई कोण, गाव कोणतं, हे त्यांनी टिपून ठेवलं. दगडाचं जातं आणि त्यावर बसलेल्या बाईचं बोलणं एकमेकांपासून तोडायचं नाही, हे मी त्यांच्या कामातून शिकले. तुमच्या दालनातल्या जात्याशेजारी एका बाईचा आवाज ऐकू आला तर ते जातं पाहणाऱ्याला वेगळंच दिसेल.

मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा एक तरी गाडी संग्रहालयात ठेवा अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनं केली. मागणी रास्तच आहे. तिच्या सीटवर उन्हाळ्यात पाठ कशी भाजायची, हे चालकाच्या तोंडून कळावं, एवढीच माझी त्यात भर.

आणि आता माझी सर्वांत आवडती वस्तू. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बारा लाखांहून जास्त पोलादी मतपेट्या तयार झाल्या. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असायचं. देशातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. मग त्यांच्याशी प्रजासत्ताकानं कोणत्या भाषेत बोलायचं? बैलजोडी, झोपडी, पणती, वडाचं झाड, कणीस आणि विळा. रोज हाताला लागणाऱ्या, डोळ्यांसमोर असणाऱ्या गोष्टी. आजही ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपल्याकडे कपबशी, छत्री, शिट्टी, नारळ, शिलाई मशीन ही चिन्हं असतात. माझी आजी आयुष्यभर मत देताना नाव वाचू शकली नाही. तिनं घरातली ओळखीची वस्तू शोधली आणि तिच्यावर शिक्का मारला. नागरिक म्हणून तिची सगळी लिपी स्वयंपाकघरातून आलेली होती. मतपेटी तुम्ही ठेवालच. तिच्याशेजारी खरी छत्री, खरी कपबशी, खरी पणती मांडून ठेवा. ते दालन बघायला मी एसटीनं कुठंही येईन.

मागणं काय आहे ते थोडक्यात लिहिते. वस्तू घेताना ती देणाऱ्याला अर्धा तास बोलू द्या आणि ते बोलणं वस्तूबरोबर जपा. दुरुस्तीच्या खुणा हा दोष मानू नका. पाटीवर त्यांना जागा द्या. तशी वस्तू आधीच असली तरी दुसरी नाकारण्यापूर्वी तिची गोष्ट विचारा, कारण एका साच्यातून निघालेले दोन कंदील दोन घरांत राहिले की एकसारखे उरत नाहीत. तुमच्याकडे जागा कमी आहे, माणसं त्याहून कमी आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यासाठी आसपासच्या कॉलेजांतली मुलं येतील, आमच्यासारखी निवृत्त माणसं येतील. मी स्वतः आठवड्यातून दोन दिवस बसून नोंदी लिहायला तयार आहे. अक्षर चांगलं आहे.

माझा कंदील अजून घरीच आहे. त्याची काच मी राखेनं पुसून ठेवली आहे, वात नवी घातली आहे. त्याच्यासाठी पाटीचा मजकूरही लिहून ठेवला आहे. पुन्हा कुणाकडे घेऊन गेले तर हा कागद बरोबर असेल:

प्रभाकर कंदील. ओगले काच कारखाना, ओगलेवाडी. काच फुंकणाऱ्यांपैकी एकाच्या घरातला. रोज तिन्हीसांजेला याची काच पुसण्याचं काम घरातल्या मुलींकडे होतं, कारण त्यांचेच हात काचेत जात. याच्या उजेडात चौघा मुलांनी अभ्यास केला, त्यांत मुलगी एकच. दोन बाळंतपणं झाली. वीज आल्यावर गोठ्यात गेला. 1967 च्या कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे खाली पडून मूळची काच फुटली. आत्ताची बाजारातून आणलेली आहे. बर्नर एकदा बदलला. टाकी तळाला गळत होती, ती कराडच्या बाजारात झाळून घेतली. ते झाळकाम अजून घट्ट आहे. ज्यानं केलं त्याचं नाव आजोबांना माहीत होतं. आम्ही विचारलं नाही.

आपली,
ओगलेवाडीच्या एका भट्टी कामगाराची नात